कोकणातल्या घरासाठी जोडलेल्या लाकडाचे खांब आणि तुळया: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

"तुळई अखंड पाहिजे, जोडलेली नको," हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरी ऐकतो. सांगणारे आजोबा चुकीचं बोलत नसतात. त्यांनी आयुष्यभर पाहिलेला जोड म्हणजे दोन आखूड तुकडे खिळ्यांनी एकत्र ठोकलेले, आणि तसा जोड खरोखरच भरवशाचा नसतो. पण सोळा फूट लांब आणि फूटभर खोल (म्हणजे उभ्या उंचीत फूटभर) अशी सागाची बिनगाठीची तुळई निघायला झाड कित्येक दशकं वाढावं लागतं. तसं झाड आज मिळालंच, तर ते तोडावं का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. वन विकास महामंडळाच्या लागवडीतून विरळणीत निघणारं साग बारीक घेराचं असतं. त्याच्या इंचभर जाडीच्या पट्ट्या वाळवून, गाठी काढून, दाबाखाली चिकटवल्या तर त्याच मापाची तुळई बनते, आणि तीही सरळ, ताकद मोजलेली. हा लेख अशा तुळया आणि खांबांबद्दल आहे. कौलारू छपराचं, पडवीचं, लाकडी माळ्याचं घर बांधायला निघालेल्या आणि हे काम पहिल्यांदाच करणाऱ्या माणसासाठी तो लिहिला आहे.

आधी दोन शब्द समजून घ्या. पट्ट्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या तुळईला ग्लुलॅम म्हणतात. जर्मनीतल्या वायमार गावच्या ऑटो हेट्झर याने १९०६ साली याचं पेटंट घेतलं, म्हणजे ही काही कालची गोष्ट नव्हे. ओंडका सोलून काढलेले तीनेक मिलिमीटरचे पातळ थर सगळे एकाच दिशेने लावून चिकटवले की त्याला एलव्हीएल म्हणतात. प्लायवूडमध्ये थर आडवे-उभे असतात, इथे सगळे तुळईच्या लांबीच्या दिशेने. आणि हार्डवूड म्हणजे कठीण लाकूड नव्हे, रुंद पानांच्या झाडाचं लाकूड. आपली काटेसावर नखाने ओरखडता येते, तरी शास्त्राच्या हिशेबात ती हार्डवूडच. म्हणून "हार्डवूड आहे साहेब, काही होत नाही" हे दुकानदाराचं वाक्य कानावर आलं की झाडाचं नाव विचारा.

पायरी पहिली: पाणी कुठे लागणार ते नकाशावर रंगवा

लाकडाची जात, माप, भाव हे सगळं नंतर. घराच्या नकाशाची एक प्रत घ्या आणि दोन रंगीत पेन्सिली. जो खांब किंवा तुळई कायम कोरडी राहणार, म्हणजे माजघर, माळा, आतल्या खोल्या, ती हिरवी. जिला पावसाचे शिंतोडे लागणार, जी जमिनीजवळ आहे, जिचं टोक भिंतीबाहेर वळचणीखाली येतं, ती लाल.

हे मी इतकं आग्रहाने सांगतो, कारण लाकडी घरं मोडून पडत नाहीत, ती कुजतात. ताकदीचा प्रश्न जगाने सोडवला आहे. जर्मनीत थुरिंगिया राज्यातल्या क्रॉयत्सबुर्ग इथे बीच नावाच्या झाडाच्या लाकडापासून एलव्हीएलच्या तुळया बनतात. २०१४ पासून त्या बाउबुखे नावाने विकल्या जातात. त्यांची वाकण्यातली ताकद दर चौरस मिलिमीटरला ७५ न्यूटन धरली जाते, तर स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या नेहमीच्या ग्लुलॅमची २४. तिप्पट ताकद. तरीही या तुळया कोरड्या, छपराखालच्या जागेसाठीच असतात, कारण बीच ओलाव्यात टिकत नाही. म्हणजे इतकी ताकदवान लाकडी तुळईसुद्धा आपल्या पडवीत जुलैभर भिजत ठेवली तर कामाची नाही.

लाल रंगाच्या जागा शक्य तितक्या कमी करा. वळचण दोन फुटांवरून तीन फुटांवर न्या. पडवीचा खांब फूटभर आत घ्या. तुळईचं टोक बाहेर काढायची हौस असेल, तर त्यावर तांब्याची किंवा जस्ताची टोपी बसवा, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून. एवढं करूनही जे लाल राहील, तिथे सागाचा गाभा, ऐन किंवा किंजळ वापरा, नाहीतर सरळ दगडी वा काँक्रीटचा खांब घाला. रबरवूड, म्हणजे रबराच्या झाडाचं लाकूड, हिरव्या जागेतच.

पायरी दुसरी: लाकूड कुठून आलं

रबरवूड ही माझ्या मते फार समाधानाची निवड आहे. केरळात रबराचं झाड पंचवीस-तीस वर्षं चीक देतं, मग तोडून नवं लावतात. पूर्वी ते लाकूड जळणाला जायचं. पण त्यात साखर आणि स्टार्च भरपूर, त्यामुळे भुंगा आणि बुरशी लगेच धरते. दाबाखाली बोरॉनची प्रक्रिया केलेलंच घ्या. बोरॉन पाण्यात विरघळून निघून जातं, म्हणूनही ते आतच वापरायचं. लागवडीची नीलगिरी मजबूत असते, पण वाळताना पिळते आणि चिरते, तेव्हा ती भट्टीत हळूहळू वाळवणाऱ्याकडूनच घ्यावी. सागाबद्दल वेगळं सांगायला नको. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं नाव इतकं की अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरहून साग गेलं.

"बर्मा टीक" म्हणून विकलं जाणारं लाकूड मी घेत नाही. म्यानमारने २०१४ पासून अखंड ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, २०२१ नंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर युरोप-अमेरिकेचे निर्बंध आले, आणि तिथलं जंगल कुणाच्या हातून तुटतंय हे सांगणारा कागद दुकानात मिळत नाही.

कागद मागताना लाजू नका. स्थानिक लाकूड असेल तर वन विभागाचा वाहतूक परवाना, आणि डेपोतून आलेलं असेल तर लिलावाची पावती व ओंडक्यावरच्या हातोड्याच्या शिक्क्याची नोंद. एफएससी (जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) प्रमाणित म्हणून जास्त भाव लावला असेल तर भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र पाहून परत फिरू नका. तुमच्या बिलावर त्या मालासमोर एफएससीचा दावा आणि विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला हवा. बिलावर नसेल तर तुमचा माल प्रमाणित नाही, दुकान कितीही प्रमाणित असो.

जुन्या वाड्याचं लाकूड हा आणखी एक मार्ग. मोडक्या तुळया रंधून, धातुशोधक यंत्राने खिळे काढून, त्यांच्या पट्ट्या पाडून नवी ग्लुलॅम करता येते. मेहनत फार, पण त्याहून स्वच्छ लाकूड मला माहीत नाही.

पायरी तिसरी: गोंद

इथे थांबून सावकाश वाचा. दापोली तालुक्यातल्या एका घराच्या पडवीला मी सहा खांब लावले होते. दिसायला देखणे, सहा इंची चौरस, पट्ट्या एकसारख्या. विकणाऱ्याने "जोडलेलं हार्डवूड, पंचवीस वर्षं बघायला नको" असं सांगितलं आणि मी त्याला गोंदाचं नाव विचारलं नाही. श्रावण संपताना मालकांचा फोन आला. गेलो तर पावसाच्या बाजूच्या दोन खांबांच्या शिवणी उघडल्या होत्या. एका फटीत पोस्टकार्ड चार बोटं आत गेलं. नखाने खरवडलं तर गोंद पांढुरका, दह्याच्या सायीसारखा मऊ. फर्निचरचा पांढरा गोंद होता तो. खांब बदलले, खर्च मी सोसला, आणि तेव्हापासून गोंदाशिवाय दुसरा प्रश्न आधी विचारत नाही.

पांढरा पीव्हीए गोंद टेबल-कपाटाला उत्तम आहे. पण सतत भाराखाली तो हळूहळू सरकतो आणि ओलाव्यात मऊ पडतो. बाजारात मिळणारे रबरवूडचे आणि पाइनचे फिंगर जॉइंट बोर्ड (आखूड तुकडे दातेरी टोकांनी जोडून केलेले) फर्निचरसाठी असतात. तीन बोर्ड एकमेकांना चिकटवून केलेली तुळई म्हणजे ग्लुलॅम नव्हे. तीच गोष्ट दाराच्या चौकटीसाठी विकल्या जाणाऱ्या एलव्हीएलची: चौकटीला छान, माळ्याला नाही, जोवर कारखाना ताकदीच्या चाचणीचा अहवाल देत नाही. एलव्हीएलसाठी आयएस १४६१६ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख कागदावर शोधा.

भार घेणाऱ्या लाकडाला तीन प्रकारचे गोंद चालतात. रिसॉर्सिनॉल, ज्याची रेघ गडद तपकिरी दिसते आणि जो उघड्यावरही टिकतो. मेलामाइन-युरिया, ज्याची रेघ जवळजवळ दिसत नाही. आणि बांधकामासाठीचा पॉलियुरेथेन, तोही फिका. पडवीच्या लाल जागेसाठी मी तपकिरी रेघच घेतो. काही मालकांना ती रेघ आवडत नाही. मी त्यांना सांगतो, ती रेघ दिसते म्हणूनच मला रात्री झोप लागते.

सागाची एक खोड आहे. ते तेलकट असतं. रंधल्यावर पट्टी दोन दिवस पडून राहिली की तेल पृष्ठभागावर येतं आणि गोंद धरत नाही. म्हणून कारखान्याला विचारा: रंधल्यावर किती वेळात चिकटवता? "त्याच दिवशी" हे उत्तर हवं.

मग दोन साध्या तपासण्या स्वतः करा. तुळईच्या टोकाचा दोन-तीन इंचांचा काप मागून घ्या, चांगला कारखाना खुशीने देतो. पहिली: काप उभा धरून पटाशी बरोबर गोंदाच्या रेघेवर ठेवा आणि हातोडीने मारा. फुटलेल्या दोन्ही तोंडांवर लाकडाचे तंतू उपटलेले दिसले तर गोंद लाकडापेक्षा मजबूत आहे. तोंडं गुळगुळीत, चकचकीत निघाली तर माल परत. दुसरी: उरलेला काप उकळत्या पाण्यात चार-पाच तास ठेवा, मग आठवडाभर सावलीत वाळू द्या. वाळताना लाकूड रेघेला खेचतं, आणि कच्चा जोड तिथेच तोंड उघडतो. प्रयोगशाळेच्या चाचणीची जागा हे घेत नाही, पण फसवणूक बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या पातेल्यातच उघडी पडते.

पायरी चौथी: माप, आणि ते ठरवणारा माणूस

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ साली सरकारी इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली आणि ती २०२० मध्ये उठवली. मधल्या सत्तावीस वर्षांत तयार झालेल्या बहुतेक अभियंत्यांनी लाकडाचा हिशेब कधी केलाच नाही, असा माझा अनुभव आहे. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनियर निवडताना स्पष्ट विचारा की आयएस ८८३ हे लाकडी बांधकामाच्या हिशेबाचं भारतीय मानक वापरून त्यांनी आधी काम केलंय का. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतही लाकडाचा वेगळा विभाग आहे. अंतिम माप त्यांचंच. पण त्यांच्याशी बोलता यावं म्हणून एक हिशेब इथे करून दाखवतो.

माळ्याची तुळई, गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) ४ मीटर, दोन तुळयांत १.२ मीटर अंतर. घरातली माणसं-सामान यांचा भार आणि फळ्यांचं वजन मिळून चौरस मीटरला ३०० किलो धरू. म्हणजे तुळईच्या दर मीटरवर ३६० किलो. लाकडाची ताठरता दर चौरस मिलिमीटरला १०,००० न्यूटन धरली आणि १०० मिमी रुंद, २०० मिमी खोल तुळई घेतली, तर ती मोडणार नाही. ताण दर चौरस मिलिमीटरला साधारण ११ न्यूटन येतो, चांगल्या सागाला तो पेलतो. पण मध्यावर ती १८ मिमी झोळ देईल. खाली छताची नाजूक पॅनेलं किंवा वर फरशी असेल तर आयएस ८८३ गाळ्याच्या ३६०व्या भागापर्यंतच झोळ मान्य करतं, म्हणजे ११ मिमी. तुळई नापास. आता तुळईची खोली २४० मिमी करा: झोळ १०.४ मिमी. फक्त ४० मिमी वाढवले आणि ताठरता पावणेदोन पट झाली, कारण ती खोलीच्या घनाने वाढते. रुंदी वाढवून हे साधत नाही, म्हणून जुने सुतार तुळई नेहमी उभी बसवत.

२४० काठावर पास आहे. पण लाकूड वर्षानुवर्षं भाराखाली आणखी थोडं वाकतं, आणि पावसाळ्यात जास्त. इथे अभियंता २८० म्हणाला तर पैसे वाचवायला त्याच्याशी भांडू नका. २८० ची तुळई चार घनफुटांच्या आसपास भरते आणि सत्तरेक किलो वजनाची होते. दोन माणसं खांद्यावर घेऊन माळ्यावर चढवतात, क्रेन लागत नाही. डोंगरउतारावरच्या वाडीत, जिथे ट्रक पोचत नाही, तिथे ही फार मोठी सोय आहे.

पायरी पाचवी: माल आल्यावर

ओलावामापक यंत्र विकत घ्या. संपूर्ण घराच्या खर्चात ते दिसतही नाही. कारखान्यातून माल साधारण १२ टक्के ओलाव्याचा आला पाहिजे. हवेत दमटपणा ८५ टक्के असेल तर लाकूड स्वतःहून १७ टक्क्यांच्या आसपास जातं, ५० टक्के असेल तर ९ वर येतं. म्हणजे आपल्याकडे लाकूड वर्षभर श्वास घेतं. ओलावा १० वरून १६ वर गेला की २८० मिमी खोलीची सागाची तुळई सुमारे ३ मिमी फुगते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत लागेल.

प्लास्टिकचं वेष्टण आल्या दिवशीच खालून फाडा, नाहीतर आत दव धरतं आणि आठवड्यात काळी बुरशी येते. जमिनीपासून फूटभर उंच ठोकळ्यांवर, ठोकळे एका रेषेत, वर ताडपत्री पण बाजू उघड्या. शक्य असेल तर उभारणी दिवाळीनंतर धरा आणि कौलं मेच्या मध्यापर्यंत चढवा.

पायरी सहावी: सांधे आणि पाया

आपल्या वाड्यांत खांब कधी मातीत रोवत नसत. त्याखाली तळखडा असे, घडीव दगड, जोत्याच्या वर उचललेला. जमिनीची ओल खांबात चढू नये आणि वाळवीला दगडावरूनच यावं लागावं, म्हणजे तिची मातीची नळी दिसावी, यासाठी ती योजना होती. आज तेच काम पोलादी बूट, म्हणजे खांबाचं बूड धरणारी बैठक, करतो. पडवीत खांबाचं बूड जमिनीपासून दीडशे मिलिमीटर उंच राहू द्या. बुटाच्या तळाला पाणी साचणार नाही असं भोक हवं. समुद्रापासून जवळ असाल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या, जस्त चढवलेलं लोखंड खाऱ्या वाऱ्यात फार काळ टिकत नाही. आणि बूट काँक्रीटने बुजवायला गवंड्याला मुळीच देऊ नका. तो "मजबुती येईल" म्हणून प्रेमानेच करतो, पण खांबाचे पाय त्या दिवसापासून पाण्यात असतात.

तुळई खांबावर बसते तिथे सर्वांत चांगला सांधा म्हणजे टेकू: तुळईचं वजन लाकडावर लाकूड टेकून खाली जाऊ द्या, बोल्ट फक्त जागेवर धरायला. जुन्या घरातला खांबावरचा हस्त हेच करतो. लपवलेली पोलादी पट्टी वापरायची असेल तर बोल्ट तुळईच्या खालच्या भागात जवळजवळ ठेवा. एक बोल्ट वर आणि एक तळाशी असा ताठ बांधला, तर ते ३ मिमी फुगणं-आकसणं जायला वाट राहत नाही आणि तुळई बोल्टांच्या मधोमध तडकते. लोक दोष लाकडाला देतात. पट्टी लाकडाच्या आत असली की आगीतही फायदा होतो, कारण पोलाद उघडं असेल तर लवकर तापून मऊ पडतं, लाकूड मात्र बाहेरून कोळसा होत आतलं अंग राखतं. युरोपीय संहितेत कठीण हार्डवूडसाठी मिनिटाला ०.५५ मिमी जळणं धरतात. अर्ध्या तासात प्रत्येक उघड्या बाजूने साडेसोळा मिमी. १०० बाय २८० च्या तुळईत, वरची बाजू फळ्यांखाली झाकलेली धरून, तरीही ६७ बाय २६३ चं निकोप लाकूड उरतं.

बाकी लहानसहान

वाळवीची जमिनीतली प्रक्रिया पायाभरणीच्या वेळीच करून घ्या. घराच्या आतल्या लाकडाला जवसाचं तेल पुरतं. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटतात, एकेक सुटा पसरून वाळवा. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपल्याकडची रीत चांगली आहे, फक्त हातमोजे घालून, कारण ते कातडी भाजतं. जाड चकचकीत वार्निश बाहेरच्या खांबांना लावू नये, त्याला भेग पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही.

पहिला पावसाळा उलटला की नवरात्राच्या आसपास एक सकाळ काढा. टॉर्च, ओलावामापक आणि पाना घ्या. प्रत्येक बोल्ट थोडा आवळा, कारण वर्षभरात लाकूड बसतं. प्रत्येक लाल खांबाच्या बुडाशी, मध्यावर आणि डोक्याशी ओलावा मोजा, आणि आकडा व तारीख खांबाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. बुडाचा आकडा वीसच्या वर असेल तर वळचणीतून किंवा बुटातून पाणी कुठून येतंय ते त्याच दिवशी शोधा. मी बांधलेल्या एका घरात आता असे सहा वर्षांचे आकडे एकाखाली एक आहेत, आणि दर वर्षी ते लिहायचं काम मालकांची नात करते.